किक सगळ्यात शेवटी: वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी रस्त्यावर आणताना

आमच्या वाड्यात जिन्याखाली थोरल्या भावाची स्प्लेंडर प्लस उभी होती. पासिंग 2005 चं, एमएच 13. भाऊ 2017 साली नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना गाडीवर एक जुनी चादर टाकली (सोलापुरात दुसरं काय टाकणार?) आणि "दिवाळीला आलो की बघू" म्हणाला. दिवाळ्या आल्या नि गेल्या. शेवटी मीच एकदा चादर ओढली, धुरळा बसेपर्यंत खोकलो आणि गाडी ढकलत अंगणात आणली. ओट्यावर बसलेल्या शेजारच्या काकांनी लगेच फर्मान सोडलं, "बघतोस काय, किक मार की!"

ती किक मारायची नाही. उभं राहून जेवढं नुकसान झालेलं नसतं, तेवढं त्या पहिल्या हौशी किकेत होऊ शकतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच खाली ओघळलेलं असतं, त्यामुळे कोरड्या धातूवर कोरडी रिंग घासते. टाकीच्या तळाशी साठलेला गंज कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. आणि समजा गाडी सुरू झालीच, तर माणूस त्याच आनंदात चौकापर्यंत चक्कर मारून येतो. ब्रेकचं काय झालंय, टायरचं काय झालंय, हे कुणी बघितलेलंच नसतं.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी गाडी नीट थांबेल का ते बघायचं, मग ती चालेल का ते.

हे सगळं हवेवर थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटरच्या साध्या गाड्यांबद्दल आहे: स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर, व्हिक्टर, जुनी बुलेट. इंजिनाला आडव्या पाकळ्या आहेत, रेडिएटर नाही, तर ती ही गाडी. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आलं. त्यांचं पेट्रोलकडचं काम वेगळं, बाकी सगळं हेच. आरएक्स 100 सारखी टू-स्ट्रोक असेल तर तेलाचा हिशेब वेगळा पडतो, तो ज्याला ठाऊक आहे अशा मिस्त्रीला विचारूनच करा.

पान्हा उचलण्याआधी

दोन गोष्टी घरात बसूनच करायच्या.

पहिली, गाडी उभी का केली ते विचारा. चालू गाडी लावून ठेवली होती की बंद पडली म्हणून लावली होती? या एका उत्तरावर खर्च दुप्पट होतो किंवा निम्मा होतो. घरचे लोक हमखास "चालूच होती" म्हणतात. जरा खोदून विचारलं की "तेवढं शेवटी शेवटी धूर मारायची" हे बाहेर येतं.

दुसरी, कागद. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, कर्जाचा बोजा उतरलाय का, कुठलं ई-चलन थकलंय का, ते बघून घ्या. आरसीवरचा चासी नंबर गाडीच्या चासीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. आमची 2020 लाच संपली होती. कागदात मोठा घोळ असेल तर तो पैसे खर्च करण्याआधी कळलेला बरा. मी एका मित्राचा उत्साह बघितलाय: रंग मारला, सीट शिवलं, नवं चेनकिट टाकलं आणि मग कळलं की गाडी अजून तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे आणि त्या माणसाचा पत्ता कुणाला ठाऊक नाही.

जागा उघडी हवी. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते. बोळात, जिन्याखाली, देवघराच्या निरांजनाजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ टाकी उघडायची नाही. जवळ एक बादली वाळू ठेवा. आणि बघायला येणाऱ्या मंडळींना बिडी-सिगारेट बाहेर विझवून यायला सांगा. बघायला मंडळी येणारच.

धुवायची घाई करू नका. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे तो मोह आपोआप आवरतो, पण सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली नेणंही चूकच. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असेल, रबरं तडकलेली असतील. पाणी नको तिथं शिरतं. आधी कोरडा ब्रश, मग डिझेलमध्ये भिजवलेला ब्रश, मग फडकं. हे करताना डोळे उघडे ठेवा. तेलाचा ओघळ कुठून आलाय, कुठली वायर तुटलीय, हे धुतल्यावर दिसत नाही.

ब्रेक आणि टायर

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

गाडी मेन स्टँडवर घ्या. मागच्या चाकाचा ब्रेक रॉडचा नट सोडा, टॉर्क रॉड सोडा, मग अॅक्सलचा नट. प्रत्येक वॉशर नि बुश काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बसवताना कुठला डावीकडचा नि कुठला उजवीकडचा हे कुणालाच आठवत नाही. चाक बाहेर आलं की ब्रेकची प्लेट अलगद उचलली जाते.

मी प्लेट उचलली. दोन्ही शूंचं (ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल तुकड्यांचं) लायनर, म्हणजे वरची घासणारी पट्टी, चांगलं तीनेक मिलीमीटर जाड दिसत होतं. बाहेरच्या खुणेवरचा बाणही "ब्रेक ठीक" असंच सांगत होता. काळी पावडर पुसावी म्हणून ओलं फडकं फिरवलं, तर एका शूवरचं लायनर अख्खंच्या अख्खं फडक्याबरोबर हातात आलं. कवेलूचा तुकडा निघावा तसं. शू उघडा, ॲल्युमिनियमचा, त्यावर वाळलेल्या सरसासारखे डाग. लायनर झिजलेलं नव्हतं. ते ज्यानं चिकटवलेलं असतं तो चिकटा जुना होऊन सुटला होता. हे चालत्या गाडीत घडलं असतं तर सुटलेला तुकडा ड्रम आणि शूच्या मध्ये अडकून चाक जागच्या जागी जॅम झालं असतं. काकांची किक लागली असती तर मी त्याच ब्रेकवर सात रस्त्यापर्यंत गेलो असतो.

तेव्हा जाडी बघून समाधान मानू नका. इतकी वर्षं उभ्या गाडीचे शू सरळ नवे टाका, पुढचे नि मागचे दोन्ही. ते स्वस्त असतात. जुनी पावडर तोंडानं फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत गेलेलं परत येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रमच्या आतली गंजाची पातळ साय पॉलिश पेपरनं जाते. ब्रेक कॅम, म्हणजे शू फाकवणारा तो चपटा दांडा, बाहेर काढून साफ करा आणि ग्रीसचं बोट फिरवा. बोटच, गोळा नाही. जास्तीचं ग्रीस गरम होऊन लायनरवर उतरतं. केबलमध्ये वरून तेल सोडा आणि खालून थेंब बाहेर येईपर्यंत धीर धरा. धागा तुटलेली केबल बदला. हाच नियम क्लच नि अॅक्सिलरेटरच्या केबलला.

डिस्क ब्रेक असेल तर ऑइल पूर्ण बदलावं लागतं, ते हवेतलं पाणी शोषून घेतं. कॅलिपरचा पिस्टन चिकटलेला असला तर ते काम नवशिक्यानं करू नये.

टायरचं वय टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांच्या रांगेत शेवटी चार आकडे सापडतात: 1416 म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. आमच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, अगदी नवरदेव. पण अंगठ्यानं भिंत दाबली की केसाएवढ्या चिरा उघडायच्या. उन्हाळ्यात पारा 42-43 च्या पुढं जाणाऱ्या गावात रबर असंच सुकतं. वरून नक्षी आहे म्हणून असा टायर वापरणं म्हणजे भर रस्त्यात तो फुटायची वाट बघणं. टायर, ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी, तिन्ही नवं घ्या. जुनी ट्यूब हवा धरते म्हणून ठेवायचा मोह होतो. व्हॉल्व्हच्या मुळाशी ती फाटते आणि हवा एकदम जाते. स्प्लेंडरला पुढं नि मागं दोन्हीकडं 2.75-18 बसतो. हवा एकट्यासाठी पुढं 25, मागं 28 पीएसआय. डबलसीटला मागं बरीच जास्त लागते, आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

चाकं बाहेर आहेतच तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा. खरखर लागली तर बदला. आरे एकेक करून पान्ह्यानं हलकं वाजवा, जो बद्द वाजतो तो सैल.

टाकी

आता इंजिनाकडं, पण तेही खालून नाही, वरून.

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, पाइप काढा, टाकी उतरवा आणि जुनं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात ओता. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो. जुन्याचा वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा, आंबूस नि जड येतो. रंगही चहासारखा झालेला असतो. ते गटारात ओतू नका, नव्यात मिसळून "संपवू" नका. झाकण लावून मिस्त्रीला द्या, पार्ट धुवायला त्याला चालतं.

टाकीत टॉर्च मारा. तळ चकचकीत असेल तर नशीबवान आहात. तपकिरी भुकटी असेल तर मूठभर छोटे नट टाकीत टाकून थोड्या डिझेलसह खुळखुळवा, मोजून टाका नि मोजून काढा. गंज चिकट असेल तर लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून टाकी भरून रात्रभर ठेवायची. कॉक आधी काढून त्या जागी बूच मारायचं. सकाळी ओतून टाका, खायच्या सोड्याच्या पाण्यानं एकदा विसळा, मग साध्या पाण्यानं. आणि लगेच वाळवा. या बाबतीत सोलापूरचं ऊन आपल्या बाजूनं आहे: गच्चीवर उलटी ठेवली की दुपारपर्यंत खणखणीत. वाळल्या वाळल्या आत थोडं तेल मिसळलेलं पेट्रोल फिरवून घ्या, नाहीतर उघडा पडलेला पत्रा दोन दिवसांत पुन्हा तांबूस होतो. टाकी पिंजून छिद्र पडण्याइतकी सडली असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. ते काम करणारे वेगळे लोक असतात.

टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी तिथून हवा आत येते. ते बुजलं तर गाडी दोन-तीन किलोमीटर छान चालते, मग गुदमरून बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू होते, आणि आपण मात्र प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर असे सगळे देव पुजत बसतो. आमच्या गाडीत कुंभारमाशीनं अशाच एका नळीत घर केलं होतं. कार्ब्युरेटरखाली लोंबणारी ओव्हरफ्लोची नळी बाहेरून स्वच्छ दिसत होती, पण फुंकर आरपार जाईना. कापून बघितली तर आत बोटाच्या पेरभर मातीचा घट्ट गोळा, आणि त्यात वाळलेल्या कोळ्यांची शिदोरी. तेव्हापासून मी गाडीवरची प्रत्येक नळी फुंकून बघतो. सायलेन्सरच्या तोंडातही टॉर्च मारा.

पेट्रोलचा पाइप नवा घ्या, आणि पेट्रोलसाठीचाच घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दिसायला छान, पण चार महिन्यांत कडक होऊन कॉकवरून सुटते. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांची रबरं त्या हिशेबानं बनलेली नव्हती, म्हणून पाइप, कॉकचं वॉशर, फ्लोटबाउलचं ओरिंग हे सगळं एकदमच बदलून टाकलेलं बरं.

कार्ब्युरेटर, आणि हवेच्या इंजिनाची दुखरी नस

कार्ब्युरेटर उघडायला धाडस लागत नाही, स्वच्छ ताट लागतं. काढलेली प्रत्येक वस्तू ताटात, काढलेल्या क्रमानं. खालचा बाउल उघडला की पिवळा-हिरवट राळेसारखा थर दिसेल; ते सुकलेलं पेट्रोल. फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पिन हलक्या हातानं ढकला, तिचे खांब मोडले की अख्खा कार्ब्युरेटर गेला. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. मधला मोठा जेट आणि शेजारचा बारीक स्लो जेट, दोन्ही बाहेर काढा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हळू आत फिरवून किती फेऱ्यांत बसतो ते मोजा आणि लिहून ठेवा. बसवताना तेवढ्याच फेऱ्या बाहेर.

जेट उजेडाकडं धरा. भोकातून गोल, स्वच्छ प्रकाश दिसला पाहिजे. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा आणि मग हवा, एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. सुई किंवा पोलादी तार घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिते.

आता एवढा खटाटोप का, ते. अर्धवट बुजलेल्या जेटमधून पेट्रोल कमी जातं नि हवा जास्त. असं हलकं मिश्रण जास्त तापतं. रेडिएटरच्या गाडीत तो ताप पाणी उचलतं. आपल्या गाडीत उचलायला फक्त वारा आणि तेल. मे महिन्यात दुपारी आसरा चौकातल्या सिग्नलला थांबलात तर वाराही नाही. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो, त्यालाच आपण "इंजिन बसलं" म्हणतो. कार्ब्युरेटर आणि इंजिनामधलं रबर तडकलेलं असलं तरी हाच प्रकार, तिथून चोरून हवा आत जाते. ते रबर दुमडून बघा, चीर दिसली की बदला.

याच कारणानं पाकळ्या. आमच्या इंजिनाच्या पाकळ्यांत आठ वर्षांची धूळ नि तेल मिळून पुरणासारखं भरलं होतं. जुन्या टूथब्रशनं नि बांबूच्या काडीनं ते काढायला मला एक अख्खी दुपार लागली. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका, पाकळी मोडते. आणि दिसायला चांगलं म्हणून त्यावर चकचकीत रंगाचे जाड हात मारू नका. उष्णता बाहेर पडायची वाटच झाकली जाते.

एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, इंजिन ऑइलचा हलका हात देऊन बसवा. कागदी असेल तर नवा. फिल्टर काढून गाडी चालवायची नाही, आपल्याकडच्या धुळीत तर नाहीच.

इंजिन हातानं फिरवणं

प्लग काढा. काढण्याआधी त्याच्या खळग्यातली माती फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हातानं पुढच्या दिशेला हळू फिरवा. प्लग काढलेला असल्यानं चाक सहज फिरायला हवं. फिरलं, तर अर्धी लढाई जिंकली. अडलं, तर जोर लावू नका, किकेवर उभं तर अजिबात राहू नका. पुन्हा तेल सोडा, दोन दिवस थांबा, चाक आठवडाभर रोज थोडं पुढं-मागं हलवत राहा. तरीही हलत नसेल तर हेड उघडावं लागेल; गाडी मिस्त्रीकडं द्या.

मग तेल बदलायचं. सुरू करण्याआधी, नंतर नाही. उभ्या गाडीच्या तेलात हवेतलं पाणी उतरतं, खाली गाळ बसतो. खालचा बोल्ट सोडल्यावर पहिल्यांदा काय बाहेर येतं ते नीट बघा: नुसतं काळं असेल तर ठीक, ताकासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय, चकाकणारे कण असतील तर आत काहीतरी झिजलंय. स्प्लेंडरच्या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतो, तारेची जाळी नि फिरतं भांडं असतं. मिस्त्रीकडून ते दोन्ही साफ करून घ्या. नवं तेल मोटरसायकलचंच घ्या, डब्यावर 'जासो एमए' (JASO MA, मोटरसायकलच्या तेलाची खूण) लिहिलेलं. कारचं तेल क्लचप्लेटला घसरवतं, कारण आपल्या गाडीत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. स्प्लेंडरला लिटरभराच्या आतच लागतं. पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची.

प्लग अजून बाहेरच आहे. त्याला टोपी लावून तो हेडच्या धातूला टेकवून ठेवा, पेट्रोल जवळ नको, आणि आता पंधरा-वीस किका हळूहळू मारा. टॅपेटचं, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचं, झाकण उघडं ठेवलं तर वर तेल येताना दिसतं. ते दिसेपर्यंत थांबायचं. टॅपेट सेट करायचे असतील तर याच वेळी, इंजिन थंड असताना.

ठिणगीही याच वेळी दिसते: निळी, कडक असेल तर छान. पिवळी नि मरतुकडी असेल तर आधी नवा प्लग लावून बघा. स्प्लेंडरला ठिणगी मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाकडून मिळते, त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी किकेवर गाडी लागते. हॉर्न नि इंडिकेटर मात्र बॅटरीवर. वायरी कुठं कुरतडल्यात का ते सीटखाली आणि हेडलाइटच्या डोममध्ये बघा. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालण्याची ती जी पद्धत आहे, ती गाडी जाळायची पद्धत आहे.

राहिली चेन. ताण मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर, आणि स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पाठीवरच्या परासारखे वाकडे झाले असतील तर पूर्ण किट. हँडल डावी-उजवीकडं वळवताना मध्येच खटका बसत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचा संच, बदला.

आता किक

टाकीत अर्धा-एक लिटर ताजं पेट्रोल. कॉक उघडून पाच मिनिटं नुसतं खाली बघत बसा, कुठं थेंब नको. यापूर्वी एका गाडीच्या वेळी मी हे केलं नाही. फ्लोटची सुई अडकली होती, पेट्रोल रात्रभर इंजिनात उतरलं आणि नवं तेल पाण्यासारखं पातळ झालं. गॅरेजवाल्यानं "कार्ब्युरेटर फुल खोललाय" म्हणून पैसे घेतले होते; स्क्रूवर पान्ह्याचा ओरखडासुद्धा नव्हता. असो.

चोक ओढा, अॅक्सिलरेटर सोडून द्या, आणि मारा. पाच-सात किकांत नाही लागली तर थांबा, प्लग काढून बघा: ओला असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही, कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. मुकाट्यानं पन्नास किका मारण्यापेक्षा हे एक बघणं जास्त उपयोगाचं.

लागली की पहिली काही मिनिटं निळा धूर येणार, आपणच ओतलेलं तेल जळतंय. तो कमी होत गेला पाहिजे. रेस करून "गरम" करायची नाही. गाडी उभी आहे म्हणजे पाकळ्यांना वारा नाही, तेव्हा दोन-तीन मिनिटांत बंद. मी घरातला कूलर ओढून आणून इंजिनासमोर लावला होता. काका हसले, पण इंजिनाला बरं वाटलं असणार. थंड झाली की पुन्हा दोन-तीन मिनिटं. या वेळात कान द्या: टॅपेटची बारीक टिकटिक चालते, आतून येणारी जड ठकठक नाही. एकदा क्लच दाबून पहिला गिअर टाका, मागचं चाक उचललेलं ठेवूनच. क्लचप्लेटा चिकटलेल्या असतात आणि गाडी झेप घेते.

कागद, आणि मग रस्ता

विम्याशिवाय नि नोंदणी संपलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चाचणीसाठीही काढायची नाही. मी पहिली फेरी बोरामणीजवळ चुलतभावाच्या शेतातल्या वाटेवर मारली, गाडी छोट्या हत्तीत टाकून नेली. कुणाला धडकलात तर विम्याविना भरपाई स्वतःच्या घरातून जाते. पहिल्यांदा पकडलं तर 2000 चा दंड वेगळाच.

थर्ड पार्टी विमा गाडी न दाखवताही मिळतो. 75 ते 150 सीसीला 2022 च्या दरानं 714 रुपये अधिक जीएसटी. त्यानंतर पीयूसी, इतक्या जुन्या गाडीला ती सहा महिन्यांचीच असते. मग नमुना 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण. अर्ज ऑनलाइन, पण गाडी तपासणीला विजापूर रोडच्या आरटीओत हजर करावी लागते, पुन्हा टेम्पोतच न्या. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. फी 15 वर्षांनंतरच्या दुचाकीला 1000 आणि 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षं ओलांडलेल्या गाडीला 2000. शिवाय उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबानं आणि महाराष्ट्रात दुचाकीला पाच वर्षांचा 2000 रुपये पर्यावरण कर. बेरीज करून बघा, जुन्या गाडीच्या किमतीएवढी होते कधी कधी. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते, 450 अधिक जीएसटी. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर नमुना 29 आणि 30, मालक हयात नसेल तर 31.

तपासणीत हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, आरसा, मागचा लाल रिफ्लेक्टर बघतात. आमचा इन्स्पेक्टर सगळ्यात आधी वाकून टायरच बघत होता.

पहिले शंभर किलोमीटर गावातच, सकाळी, एकट्यानं. पहिल्याच रविवारी बायकोला मागं बसवून तुळजापूरला जायचं नाही. 45 किलोमीटर जाणं नि तेवढंच येणं, वर घाट. आमचा फेरा ठरलेला होता: जुळे सोलापूर, सैफुल, संभाजी तलाव, परत. परतल्यावर दोन्ही ड्रमना हात लावून बघायचा. एक दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर शू घासतायत, रॉड थोडा सैल करा. अॅक्सल, इंजिनाचे नि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा. गाडी खाली रात्रभर पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग कुठं पडलाय त्यावरून गळती कळते: चेनजवळ, पुढच्या शॉकअपखाली की मधोमध.

दीड-दोनशे किलोमीटर झाले की तेल पुन्हा बदला. कोरं टाकलेलं तेल इतक्यात काळं झालेलं बघून वाईट वाटतं, पण तो आतला जुना गाळ असतो. आमच्या गाडीतून दुसऱ्यांदा निघालेलं तेल मी बाटलीत भरून ठेवलंय; भाऊ आला की त्याला दाखवायचंय, आणि या वेळी जाताना कॉक बंद करून कार्ब्युरेटरखालच्या स्क्रूनं बाउल रिकामा करायचा, हेही त्याच्याकडूनच करून घ्यायचंय.